तोंडात बोळा कोंबलेली घंटा

मित्रांनो, गाईच्या गळ्यात आयुष्य काढलेली मी एक लोखंडी घंटा. आता जुनी झाले आहे, एका कडेला चेपलेही आहे, पण माझा चौकसपणा काही गेलेला नाही. आफ्रिकेतल्या मसाई गुराख्यांच्या वस्तीवर एका लोहाराने मला ठोकून ठोकून घडवले आणि नासिएकूने मला तिच्या काळ्या गाईच्या, नारोकच्या गळ्यात बांधले. नासिएकूला लग्नात मिळालेल्या गाईच्या वंशातली ही शेवटची.

नारोक चरते आहे, पाणी पिते आहे की बिथरली आहे, हे नासिएकू घरात बसून माझ्या आवाजावरून सांगायची. सगळी वस्ती माझे कौतुक करायची. मला मात्र एकच उत्सुकता होती. सिंह जवळून कसा दिसत असेल? तो आला की नारोक मान झटकायची, मी खणखणायचे, माणसे धावत यायची आणि तो पसार व्हायचा. माझ्याच आवाजापायी मला तो कधी नीट बघायला मिळाला नाही.

एका वर्षी पाऊस लांबला. गवत उरले ते फक्त राखीव रानात, आणि तिथे गुरांना बंदी. नासिएकूचा थोरला मुलगा सिरोंका तरीही गुरे घेऊन निघाला. हद्दीजवळ त्याने गवताचा घट्ट बोळा वळला आणि माझ्या तोंडात कोंबला. पहारेकऱ्यांना चाहूल लागू नये म्हणून आमच्याकडचे गुराखी असेच करतात. चरता चरता नारोक झुडपांआड गेली आणि कळपापासून तुटली. सिरोंकाला पत्ताही लागला नाही.

झुडपांत सिंहीण होती. तिने नारोकचा गळा धरला; नारोक मानेला हिसडे देत राहिली, मला साधा आवाजही काढता येईना, आणि शेवटी ती निपचित पडली. मित्रांनो, ते दुःख माझ्या मनातून अजून जात नाही. मग सिंहिणीचे बछडे आले. एकाने मला पंजाने ढकलून पाहिले, दुसऱ्याने चाटले. त्याची जीभ केवढी खरखरीत! मला त्यांचा राग यायला हवा होता, पण त्यांच्या बरगड्या वर आलेल्या दिसत होत्या.

सकाळी माग काढत भालेवाले तरुण आले. त्यांचा म्होरक्या कोइनेत मला उचलून वस्तीवर घेऊन गेला. माझ्या तोंडातले गवत गाईच्या पोटातलेच असेल, असे त्याला वाटले.

वस्तीवर सगळ्यांत जास्त तावातावाने बोलत होता तो सिरोंका.

"येयो, तू नुसतं हो म्हण," तो आईला म्हणाला. "दुपारच्या आत सिंहीण आडवी करतो."

"भाले काय आम्ही मिरवायला ठेवलेत?" कोइनेतने री ओढली.

गाय नासिएकूची, म्हणून शेवटचा शब्दही तिचाच. तिने मला हातात घेतले, बोट घालून बोळा ओढून काढला आणि उलटसुलट करून पाहिला.

"हा बोळा सिंहिणीनं वळला होय रे?"

सिरोंकाची मान खाली गेली. पहारेकऱ्यांच्या धाकाने केले, असे काहीतरी तो पुटपुटला.

"त्यांना ऐकू गेलं नाही, तसं तुलाही गेलं नाही," नासिएकू म्हणाली. "भाले ठेवा खाली. कुणी जायचं नाही."

मग मला छातीशी धरून ती रडली. कोइनेत आणि त्याचे सोबती भाले ठेवून पांगले.

सिरोंकाने आपली कालवड आपणहून आईला दिली. आता मी त्या कालवडीच्या गळ्यात वाजते. सिंहीण जवळ आली की माझा आवाज ऐकून वाट बदलते आणि तिची पोरेही तिच्या मागून निघून जातात. मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. सिंहावर भाला उगारण्याआधी आम्हा घंटांच्या तोंडात एकदा बोट घालून बघत जा.