काढ्याआधीच आलेला रंग

मी एक जुना काचेचा चंबू आहे. मित्रांनो, माझ्या गळ्याचा एक टवका उडाला आहे, तिकडे लक्ष देऊ नका. या वयात प्रत्येकाचे काही ना काही उडालेलेच असते.

कारागिराने नळीतून फुंकर मारली, मी फुगलो आणि थेट एका प्रयोगशाळेत येऊन पडलो. तिथली संशोधक ताई झाडाची पाने उकळून काढा करायची आणि तो चांदीच्या क्षाराच्या पाण्यात ओतायची. पाणी तपकिरी झाले की समजायचे, चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार झाले. त्यांपासून भाजलेल्या जखमेवरचा लेप बनणार होता.

इतर चंबूंना रंग यायला चार तास लागत, मला अर्धा तास. ताई मला “माझं गुणी बाळ” म्हणायची आणि मी हवेत असायचो. भांडी धुणारे मामा बाकीच्यांना आम्लाने घासत. मला मात्र नुसते विसळायचे, असा तिचा हुकूम होता.

“घासू नका त्याला, मामा. हातगुण जाईल त्याचा.”

“चंबूला कुठले आलेत हात, ताई?” मामा पुटपुटत आणि मला विसळून ठेवत.

पहिला लेप एका स्वयंपाकीण बाईंना लागणार होता. उकळत्या तेलाने त्यांचे दोन्ही हात भाजले होते आणि दोन महिने झाले तरी जखमा भरत नव्हत्या. लेपातल्या चांदीचे प्रमाण माझ्या अर्ध्या तासावरून ठरले होते.

लेप लावायच्या आदल्या दिवशी ताईने माझ्यात चांदीचे पाणी भरले आणि ती काढा गाळायला गेली. नेमके गाळण तुंबले आणि तिला उशीर झाला. ती परत आली तेव्हा मामा माझ्यासमोर उभे होते.

“ताई, काढा तर अजून तुमच्या हातातच आहे. मग याला रंग कुठून आला?”

ताईने मला रिकामे करून उजेडात धरले. माझ्या तळाशी जुन्या काढ्याचा आणि चांदीचा पातळ थर बसला होता. सारी करामत त्याचीच होती; त्याच्यामुळे चांदी घाईघाईने, वेडीवाकडी जमत होती. मला मिळालेली शाबासकी मळाची होती. असे ओबडधोबड कण लेपात गेले असते, तर हातांवरच्या कोवळ्या कातडीला इजा झाली असती. मला फार शरम वाटली.

ताईने बाईंच्या डॉक्टरांना फोन लावला. “उद्या लेप देता येणार नाही. माझं मोजमाप चुकलंय.”

“बाई आस लावून बसल्यात. काय सांगू त्यांना?”

“खरं तेच सांगा. भांडं घाण होतं, आणि ते मीच तसं ठेवलं होतं.”

मामांनी मला आम्लाने घासले. आता मलाही चार तास लागतात. सगळे प्रयोग पुन्हा करण्यात पाच महिने गेले. तोवर बाईंचा डावा हात साध्या औषधानेच बरा झाला. उजव्या हाताला आमचा लेप लागला.

मित्रांनो, एखादे भांडे लाडके असेल, तर मायेपोटी त्याचा मळ जपू नका. खसखसून घासा. मला झोंबले खरे, पण त्या उजव्या हाताला झोंबले नाही.