सातही अ‍ॅप एकाच फोनवर

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. अनंतराव आगाशे यांच्या फुलस्केप कागदावर मोफत अँटिव्हायरस अ‍ॅपची एकोणीस नावे उतरली होती, आणि त्यांपैकी एकावरही त्यांचा विश्वास नव्हता.

हा कागद मांडायची वेळ आली ती रविवारच्या प्रकाराने. एका परिचिताच्या नंबरावरून 'लग्नपत्रिका' नावाची फाईल आली आणि अनंतरावांनी ती उघडली. पत्रिका काही दिसली नाही. पडदा क्षणभर पांढरा झाला, एवढेच. पुढच्याच मिनिटाला तीच फाईल त्यांच्या नावाने सोसायटीच्या पाण्याच्या ग्रुपवर जाऊन पडली. चौसष्ट फ्लॅट, चौसष्ट फोन. अकरा जणांनी ती उघडली. आगाशे काकांकडून आलेली वस्तू न उघडण्याचे कारण माणिकबागेतल्या त्या सोसायटीत कोणालाच माहीत नव्हते.

तो ग्रुप गेली सहा वर्षे अनंतराव चालवत होते. खडकवासल्याहून येणारे पाणी कधी बंद, कधी उशिरा व कमी दाबाने, टाकीत किती फूट शिल्लक, पंप किती वाजता चालू, हे सगळे ते रोज सकाळी सव्वासहाला गच्चीवर चढून, टाकीत मोजपट्टी सोडून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून कळवत. पिंपरीच्या कारखान्यातील तपासणी खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांच्या शब्दावर लोक विसंबत होते ते या एकाच बाबतीत. बाकी बाबतीत, अगदी घरीसुद्धा, त्यांचे म्हणणे ऐकून घेतले जाई इतकेच.

सोमवारी सोसायटीच्या अध्यक्षा कादंबरी शितोळे यांचा फोन आला होता.

"काका, शुक्रवारी सातला मीटिंग ठेवली आहे. तोवर फोन स्वच्छ झाल्याचं दाखवा. नाहीतर ग्रुप तिसऱ्या मजल्यावरच्या गंधारकडे द्यावा असं बऱ्याच जणांचं म्हणणं आहे. आणि तोपर्यंत तुमच्याकडून आलेलं काहीही उघडू नका, असं मी सगळ्यांना कळवलंय."

"पाण्याचा मेसेजसुद्धा?"

"पाण्याचाच तर ग्रुप आहे ना, काका."

विकतचे अ‍ॅप घ्यायचे तर संशयित फोनवरच बँकेच्या कार्डाचा नंबर टाकावा लागणार. चोर घरात असताना तिजोरीची किल्ली काढण्यासारखेच ते. म्हणून मोफत. हा निष्कर्ष अनंतरावांनी कागदाच्या माथ्यावर लिहून त्याखाली रेघ मारली होती.

दुपारपर्यंत एकोणिसांचे सात झाले. ज्यांच्या निर्मात्याचा पत्ताच नव्हता अशी पाच गेली. फोनवर उतरण्याआधीच 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे' असे सांगणारी चार गेली. रोग्याला न बघता निदान करणारा वैद्य त्यांना चालला नसता. तीन अ‍ॅपच्या वर्णनात इतक्या चुका होत्या, की ज्यांना स्वतःचे वाक्य तपासता येत नाही त्यांच्या हाती फोन देणे त्यांना पटले नाही. उरलेल्या सातांतून एक निवडायचे होते. ते कसे निवडायचे, याबद्दल मात्र त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

कारखान्यात एखाद्या नगावर वाद झाला, की तोच नग, त्याच टेबलावर, त्याच तापमानात ठेवून सगळ्या मापकांनी मोजायचा, हा शिरस्ता होता. एक मापक आज आणि दुसरे उद्या लावले, तर मधल्या काळात नगच बदलला असे कोणीही म्हणू शकते. तंत्रनिकेतनात पहिल्या वर्षी शिकलेली ही गोष्ट त्यांनी पस्तीस वर्षे पाळली होती. म्हणून त्यांनी सातही अ‍ॅप एकाच दुपारी, एकाच फोनवर उतरवून घेतली.

"सात जावई एकदम घरात आणलेत," त्यांच्या पत्नी कुसुमताई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "आता कोण कोणाच्या मानपानावरून रुसतो ते बघत बसा."

"अगं, ही तुलना आहे. तुलनेत सगळ्यांना सारखी परिस्थिती लागते."

"सासऱ्यांची परिस्थिती बघितली का कोणी?"

बुधवारी सकाळी निकाल आले. पहिल्याला तीन धोके सापडले. दुसऱ्याला अकरा. तिसऱ्याला एकही नाही, पण फोन त्र्याऐंशी टक्के घाणेरडा असल्याचे त्याचे मत पडले. चौथ्याने धोके सहा असल्याचे सांगितले. ते कोणते हे पाहायचे असेल तर पैसे भरा म्हणाले. पाचवे निकाल देण्याआधी गोळ्या फोडण्याच्या खेळाची जाहिरात दाखवी, आणि ती बंद करण्याची फुली मोहरीच्या दाण्याएवढी असे. अनंतरावांचे बोट मोहरीवर पडण्याऐवजी दर वेळी गोळ्यांवर पडे आणि खेळ सुरू होई. सहाव्याने आपल्याला पाच तारे द्यावेत अशी विनंती चार वेळा केली.

दुपारी त्यांनी धोक्यांची नावे, जिथे ती दिसत होती तिथली, कागदावर उतरवली आणि त्यांचे कान तापले. पहिल्याने शोधलेले तीन धोके म्हणजे दुसरे, चौथे आणि सहावे अ‍ॅप होते. दुसऱ्याच्या यादीत पहिले होते. पहारेकरी एकमेकांचीच गचांडी धरून उभे होते आणि ज्याच्यासाठी त्यांना बोलावले त्याच्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते. फोन इतका गरम झाला होता, की कुसुमताईंनी तो फडक्याने उचलून बाजूला ठेवला.

गुरुवारी सकाळी लिफ्टमध्ये गंधार भेटला. चौतिशीतला, आयटी कंपनीतला, नम्र मुलगा. त्याचा नम्रपणाच त्या आठवड्यात अनंतरावांना सहन होत नव्हता.

"काका, सात टाकलीत असं काकू म्हणाल्या. अहो, एका वेळी एकच ठेवायचं असतं. ती एकमेकांनाच व्हायरस समजतात."

"हे कुठे लिहिलं आहे?"

"लिहिलेलं असं नाही... कॉमन सेन्स आहे."

"कॉमन सेन्स कोणत्या मापकाने मोजतात?"

गंधार हसला. "द्या ना इकडे. दोन मिनिटांत बघतो."

अनंतरावांनी फोन खिशात आणखी खोल सरकवला. "तुम्ही उमेदवार आहात. उमेदवाराने पेपर तपासायचा नसतो."

"मला तो ग्रुप नकोय हो, काका! सकाळी सव्वासहाला मी झोपलेला असतो."

"मग तर प्रश्नच मिटला," अनंतराव म्हणाले आणि तळमजला येण्याची वाट पाहत दाराकडे तोंड करून उभे राहिले.

वर आल्यावर त्यांनी शेवटचा उरलेला निकाल हाती घेतला. सातव्या अ‍ॅपने अजून काही सांगितलेच नव्हते. फोनमधील सर्व नावे पाहण्याची आणि मेसेज वाचण्या-पाठवण्याची परवानगी ते मागत होते. त्याशिवाय तपासणी सुरू होणार नव्हती. अनंतरावांनी अटींचा सगळा मजकूर भिंग लावून वाचला. अट क्रमांक एकतीस त्यांना खटकली. 'वापरकर्त्याच्या परिचितांना सेवेची माहिती देण्यात येईल,' असा तिचा आशय होता. त्यांनी तिच्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले. पण बाकी सहांना त्यांनी मागितलेली प्रत्येक परवानगी दिली होती. सातव्याला नाकारली, तर तुलना सदोष ठरली असती. चार वाजून दहा मिनिटांनी त्यांनी परवानगी दिली.

चार वाजून अकरा मिनिटांनी फोनमधील दोनशे बारा नावांना मेसेज गेला: 'अनंत आगाशे यांनी तुमचा फोन असुरक्षित असल्याचे कळवले आहे. त्वरित येथे दाबा.'

स्वयंपाकघरातून आवाज आला. "अहो, मलाही आलाय. एका घरात राहून मेसेज कशाला? तोंडी सांगितलं असतं तरी चाललं असतं."

मग कादंबरीबाईंचा फोन आला. "काका, माझा फोन असुरक्षित आहे हे आपण ठरवलंत?"

"मी नाही, त्या अ‍ॅपने..."

"रविवारीही आपण नव्हतात. मी इतकंच विचारते, की आपण नेमके केव्हा असता?"

अनंतरावांनी फोन कानावरून खाली घेतला. त्यांनी खुर्ची खिडकीशी ओढली आणि एकेक अ‍ॅप काढून टाकायला सुरुवात केली. जाता जाता प्रत्येकाने 'आम्ही कुठे कमी पडलो?' असे विचारले. पहिल्या तिघांना त्यांनी खरोखर उत्तर लिहिले. नंतर लिहिणे सोडले.

सात गेल्यावर यादीत एक कोरा चौकोन दिसला, ज्याला चित्र नव्हते आणि नाव होते नुसते 'सर्व्हिस'. मंगळवारी फोनमधील सगळ्या अ‍ॅपची त्यांनी जी नोंद केली होती, त्यात हाही होता. फोनचाच एखादा भाग असेल म्हणून सोडून दिला होता. त्याच नोंदीत फोनबरोबर आलेली, कंपनीनेच दिलेली तपासणीही होती. तिच्यापुढे त्यांच्याच अक्षरात लिहिले होते: 'आधीपासून असल्याने स्पर्धेत धरलेली नाही.'

त्यांनी ती तपासणी चालवली. चाळीस सेकंदांत तिने कोऱ्या चौकोनावर बोट ठेवले. हानिकारक, काढून टाका. त्यांनी काढून टाकला. ना पैसे, ना तारे, ना गोळ्या.

आनंद व्हायला हवा होता. पण संताप असा अनावर झाला, की त्यांनी हातातली पेन्सिल मोडली आणि तिचे दोन्ही तुकडे टेबलावर समांतर लावून ठेवले. पद्धतीत चूक सापडत नव्हती. पायरीमागून पायरी तपासली तरी सापडत नव्हती.

शुक्रवारी सातला पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. अठ्ठेचाळीस फ्लॅटची माणसे आली होती. अनंतरावांनी उभे राहून तीन पानी अहवाल वाचला. त्यात रविवारची फाईल होती, सात अ‍ॅप होती, अट क्रमांक एकतीस होती आणि तिच्यापुढचे प्रश्नचिन्हही होते. त्यांनी काहीच गाळले नाही. फोन आता स्वच्छ असल्याचा पडदा त्यांनी सगळ्यांना फिरवून दाखवला.

"आगाशे, तुम्हाला ती अट दिसली होती?" तळमजल्यावरच्या बाबुरावांनी विचारले.

"होय."

"दिसून दाबलंत?"

"बाकी सहांना परवानगी दिली होती."

"म्हणजे सहा जणांनी गच्चीवरून उडी मारली असती, तर सातव्यालाही ढकललं असतंत, सारखी परिस्थिती म्हणून."

मागच्या रांगेत हशा झाला. अनंतराव कागदाच्या कडा जुळवत राहिले.

"इतका प्रामाणिक अहवाल मी आजवर ऐकलेला नाही," कादंबरीबाई म्हणाल्या, आणि ते त्यांनी मनापासून म्हटले होते. "पण उद्या यांच्या नावाने मेसेज आला तर उघडायचा की नाही, एवढाच प्रश्न आहे. ग्रुप काकांकडे ठेवायचा की गंधारकडे द्यायचा? एका फ्लॅटचं एक मत. हात वर करायचे. मोजणार कोण?"

सवयीने सगळ्यांच्या माना अनंतरावांकडे वळल्या. कोणाच्या ते लक्षात आले तेव्हा कोणी खाकरले. पण ते उठले होते.

त्यांनी आधी गंधारच्या बाजूचे हात मोजले, डावीकडून. मग स्वतःच्या बाजूचे. त्यांत कुसुमताईंचा होता, कोपरापासून ताठ, जणू कोणी तो खाली करून दाखवावा. गंधारने स्वतःचा हातही याच बाजूला वर केला होता, आणि त्याचा अनंतरावांना पुन्हा एकदा राग आला. मग त्यांनी दोन्ही बाजू उजवीकडून मोजल्या. आकडा तोच आला.

"सांगा, काका," कादंबरीबाई हळूच म्हणाल्या.

अनंतरावांनी चष्मा काढला नाही, आवाज उतरवला नाही. टाकीतली पातळी जशी सांगत, तशीच सांगितली.

"गंधार पंचवीस. आगाशे तेवीस."