सुईचा मान

ह्यांना निवृत्त होऊन आठवडाही झाला नाही, तोच माझा कुत्रा ह्यांचा झाला.

माझा म्हणजे माझाच. नऊ वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक कोटाचं अस्तर बदलायला आलं आणि त्याने कोटाबरोबर पिशवीतून एक पिल्लूही काढलं. म्हणाला, आई शिकारी जातीची, बाप मेंढपाळांकडचा, घरात जागा नाही, ठेवून घ्या. मी शिलाईकाम करते, घराची पुढची खोली हेच माझं दुकान. पहिल्याच दिवशी त्या पिल्लाने कोटाची गुंडी गिळली, म्हणून त्याचं नाव गुंड्या. दोन दिवस मी वर्तमानपत्राचा कागद हातात घेऊन त्याच्या मागे फिरले, गुंडी बाहेर पडेपर्यंत. तीच गुंडी स्वच्छ धुऊन कोटाला लावली आणि गिऱ्हाइकाला ताकास तूर लागू दिली नाही. कुत्र्यासाठी इतकं कुणी केलं असेल तर त्याने पुढे येऊन सांगावं.

हे तेव्हा पंपघरात पाळीवर असत. पहाटे जायचे, नाहीतर दुपारी जायचे, घरी आले की जेवायचे आणि झोपायचे. गुंड्याची लस कधी असते, जंताचं औषध किती महिन्यांनी द्यायचं, गोचीड कशी काढायची, ह्यातलं ह्यांना काही म्हणता काही ठाऊक नव्हतं. त्याचा कान पिकला तेव्हा दहा दिवस थेंब मी घातले, त्याला दोन गुडघ्यांत आवळून. मशीन चालू असलं की तो माझ्या पायाशी, पायट्याला नाक लावून झोपायचा. माझी उजवी चप्पल नऊ वर्षं त्याच्या केसांनी भरलेली आहे.

आणि मग हे घरी बसले. घरी बसले म्हणायचं, पण बसले कुठे! सकाळ-संध्याकाळ गुंड्याला घेऊन थेट तळ्यापर्यंत जाऊ लागले. मला दुकान टाकून कोपऱ्यापर्यंतच जमायचं, आणि नऊ वर्षं त्याला त्या कोपऱ्याचं काही वाटलं नव्हतं. आता तो चार वाजल्यापासून दाराशी बसून ह्यांच्या बुटांकडे बघायचा. मशीनखालची जागा सुटली. ह्यांच्या खुर्चीखाली त्याचा मुक्काम. मी हाक मारली की यायचा, नाही असं नाही, पण पाहुण्याने यावं तसा यायचा आणि लगेच परत जायचा.

माझा तिळपापड व्हायचा. नवऱ्यावरून बायका जळतात, तेवढं समजण्यासारखं आहे. मी नवऱ्यावर जळत होते, तेही कुत्र्यावरून. हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

त्यात ह्यांनी वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक आणलं, कुत्र्यांच्या पूर्वजांवरचं. जेवताना मला ऐकवायचे. कुत्रा हा लांडग्याचा वंशज. हजारो वर्षांपूर्वी माणसाच्या शेकोटीपाशी उष्टं खायला आला आणि राहिला. गुंड्याच्या कपाळाची ठेवण बघ, म्हणे, आणि छाती बघ. छत्री उघडली तरी पलंगाखाली शिरणारा हा लांडगा! मी तसं म्हटलं तर हे हसले आणि म्हणाले की कळपात शिकारीची वाटणी जो करतो, सगळ्यांचे डोळे त्याच्यावर असतात. मी पानावरून उठले. नऊ वर्षं वाटणी कोण करत होतं? भात, उकडलेलं मांस, गाजर, भोपळा, मीठ अजिबात नाही, हे कुणाच्या हातचं होतं? आणि ह्यांनी केलं काय, तर खिशातून चोरून बिस्किटं चारली.

मग तो आजारी पडला. पाण्याचं भांडं दिवसात चारदा रिकामं व्हायला लागलं, घरात कधी न करणारा घरात करायला लागला, आणि खाऊन-पिऊन पाठीचा कणा हाताला लागायला लागला. ते मला आधी कळलं, एवढं सांगून ठेवते. हे म्हणत होते की उन्हाळा आहे, तहान लागणारच.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आमच्या मुलीच्या वयाच्या, आम्हाला काका-काकू म्हणतात. त्यांनी रक्त तपासलं आणि साखर निघाली. माणसांना होते तीच. रोज दोन वेळा, बारा तासांच्या अंतराने, खाणं झाल्यावर इन्सुलिनची सुई द्यायची. खाणं वजन करून. बिस्किटं बंद, म्हणताना त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं, त्यामुळे मला जरा बरं वाटलं. सुई कोण देणार, असं त्यांनी विचारलं. माझा अर्धा जन्म सुई धरण्यात गेलेला, मान माझाच होता. पण मी तिथे डोकं चालवलं. टोचणाऱ्याला कुठला कुत्रा जवळ करेल? चार दिवसांत गुंड्या ह्यांच्या सावलीलाही उभा राहणार नाही, असा माझा हिशेब.

"ह्यांनाच शिकवा," मी मोठ्या मनाने म्हटलं. "आता वेळ आहे त्यांना."

डॉक्टरीणबाईंनी बजावलं की एकानेच द्यायची, आणि दिली की कुठेतरी खूण करायची, म्हणजे चुकून दोनदा जाणार नाही. म्हणून मी कापडावर आखायचा खडू फ्रिजवर ठेवला. सुई झाली की हे फ्रिजच्या दारावर एक रेघ मारत.

माझा हिशेब आठवड्यात कोसळला. सुई झाली की हे गुंड्याला कलेजीचा उकडलेला तुकडा देत, नखाएवढा, डॉक्टरीणबाईंना विचारून. त्या तुकड्यापायी गुंड्या असा काही वेडा झाला की फ्रिजचं दार वाजलं की शेपटी हलवत ह्यांच्यासमोर येऊन मान पुढे करायचा. टोचून घ्यायला! मी मशीनवर बसून हे रोज दोन वेळा बघायची. मीच वाढून दिलेलं ताट दुसऱ्याने पुढे ओढून घेतलं होतं.

त्या सकाळी हे दाढी करत होते. मी गुंड्याला दहा मिनिटं लवकर खायला घातलं. बाटली काढली, हाताच्या तळव्यांत हळू फिरवली, सुईत रेघ बघून औषध भरलं. मानेमागची कातडी चिमटीत धरली आणि टोचलं. हात माझा मुरलेला, त्याला कळलंसुद्धा नाही. मग कलेजी दिली. त्याने तुकडा खाल्ला आणि माझी बोटं चाटली, मनगटापर्यंत चाटली, आणि डोकं माझ्या मांडीवर टाकलं. सहा आठवड्यांत पहिल्यांदा.

फ्रिजवर रेघ मारायला मी उठले नाही. विसरले असते तर गोष्ट वेगळी. रेघ बघून ह्यांना कळायला नको होतं, मला माझ्या तोंडाने सांगायचं होतं. चहाच्या वेळी, सहज बोलावं तसं, की आज मी दिली बरं का, आणि हा कसा शांत बसला. ह्यांचं तोंड कसं पडतं ते मला बघायचं होतं.

तेवढ्यात शाळेतली संगीत शिक्षिका आली. मुलांच्या कार्यक्रमाचे बारा झगे, सगळ्यांचे घेर मोठे झालेले, आणि तिला ते दुपारपर्यंत हवे. मी टाचण्या तोंडात धरून बसले. आतून फ्रिजचं दार वाजलेलं ऐकलं. ऐकलं आणि वाटलं की हे दूध काढत असतील.

ती गेली तेव्हा अकरा वाजायला आले होते. गुंड्या स्वयंपाकघराच्या दारात उभा होता आणि त्याचे मागचे पाय एकमेकांत अडकत होते. मग तो बसला, मग आडवा झाला आणि थरथरायला लागला. मी फ्रिजकडे बघितलं. दारावर आजची रेघ होती.

मला त्याच क्षणी कळलं. हे धावत आले, गुंड्याच्या हिरड्यांना मध चोळला, जसं शिकवलं होतं तसं, आणि डॉक्टरीणबाईंना दाखवायला इन्सुलिनची बाटली आणायला आत गेले. मी त्याचं डोकं धरून बसले. तोंड उघडायची माझी हिंमत झाली नाही. गाडीतही झाली नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याच्या पायाचे केस कापून सलाईन लावलं. साखर फार खाली गेली होती. ती वर यायला लागली, थरथर थांबली, पण त्या आमच्याकडे वळल्या आणि त्यांनी विचारलं, औषध नेहमीएवढंच दिलं होतं का. नेहमीएवढंच असेल तर तासाभरात घरी न्या. जास्त गेलं असेल तर अंगात अजून बराच वेळ काम करत राहील, घरी नेलात तर पुन्हा पडेल आणि तेव्हा मध पुरणार नाही. तसं असेल तर संध्याकाळपर्यंत इथे सलाईनवर ठेवावं लागेल.

मला बोलायला हवं होतं. दोनच शब्द होते. गुंड्या टेबलावर पडला होता, जीभ बाहेर, आणि मी माझ्या पर्सची चेन उघडत होते, लावत होते. माझ्या मनात काय होतं ते सांगते, लाज वाटली तरी सांगते. बोलले तर हा कायमचा ह्यांचा झाला, एवढंच होतं.

"दुप्पट गेलंय," हे म्हणाले. "माझ्याकडून. एकदा दिली, विसरलो, परत दिली."

डॉक्टरीणबाई रागावल्या. काका, ह्याने जीव जातो, म्हणाल्या, आणि खूण करायला सांगितलं होतं त्याचं काय झालं. हे मान खाली घालून ऐकत राहिले. एकतीस वर्षं पंपघरात एकही व्हॉल्व्ह चुकीचा न फिरवलेला माणूस. मग त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या की उद्यापासून सुई काकूच देतील, काकांनी बाटलीला हात लावायचा नाही.

मला पाहिजे होतं ते सगळं मिळालं. सुईचा मान, कलेजीचा तुकडा, मनगटापर्यंत चाटणं, आणि तेही डॉक्टरांच्या हुकमाने.

गुंड्याला तिथेच ठेवून घरी आलो. ह्यांनी चहा ठेवला, दोन कप भरले, माझा माझ्या मशीनवर आणून ठेवला. झगे तसेच पडले होते.

"तुम्ही एकदाच दिली होती," मी म्हणाले. "खोटं का बोललात?"

"बाटली घ्यायला गेलो तेव्हा वापरलेल्या सुयांच्या डब्यात दोन सुया होत्या. डबा रात्रीच रिकामा केला होता." हे खुर्चीत बसले. खुर्चीखाली कुणी नव्हतं. "तू बोलेनास. त्याला तिथं ठेवायला तर हवं होतं."

"मग माझं नाव सांगायचं."

ह्यांनी चहाचा घोट घेतला. राग आलेला नव्हता, आला असता तर मला सोपं गेलं असतं.

"तुला तो हवा होता ना," हे म्हणाले.

खरं सांगायचं तर आधी राग आला. नऊ वर्षं मी जे राखलं ते हा माणूस एका वाक्यात देऊन मोकळा झाला. देतानाही माझ्याहून वरचढ. कुत्र्यावर जीव टाकण्यात मी कमी पडेन असं मला कधी वाटलं नव्हतं. कमी पडले होते. टेबलाशी मी गुंड्याचा विचारच केला नव्हता, मी ह्यांचा विचार करत होते. आणि हे त्याचाही करत होते आणि माझाही. सहा आठवडे जळले त्याहून जास्त मी त्या दुपारी जळले.

संध्याकाळी दोघं त्याला आणायला गेलो. डॉक्टरीणबाई हात धूत होत्या.

"सकाळची पहिली सुई मी दिली होती," मी म्हणाले. "खूण केली नाही. मुद्दाम केली नाही. ह्यांची काही चूक नाही."

त्यांनी नळ बंद केला आणि माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. ह्यांनी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं, त्यावर कुत्र्यांच्या जाती काढलेल्या होत्या.

"मग उद्यापासून कोण देणार?" त्यांनी विचारलं.

"हेच," मी म्हणाले.

आतून गुंड्याला आणलं. पायाला पट्टी, चाल अजून वाकडी. मी दाराच्या जवळ होते, हे पलीकडे बाकावर. इतकं बोलून टाकल्यावर निदान आज तरी, असं वाटल्याशिवाय राहिलं नाही. तो माझ्याजवळून गेला, माझ्या साडीला त्याची शेपटी लागली, आणि जाऊन त्याने ह्यांच्या दोन गुडघ्यांमध्ये डोकं घातलं.

"हाक मार ना त्याला," हे म्हणाले.

मी मारली नाही. मारली असती आणि तो आला नसता, तर ते ह्यांच्यादेखत झालं असतं.