कुणाची म्हणून लिहू?

नव्याण्णव साली बारामतीत ई-मेल म्हणजे काय हे ज्यांना नीट ठाऊक होतं, ती सगळी माणसं एका टमटममध्ये बसली असती. योगिनी त्यांतली एक. शेळगावच्या धनगराची ही नात दीपकसरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची, आणि तिथूनच इंदापूर-बारामतीकडून दूरदेशी गेलेल्यांची मेलिंग लिस्ट चालवायची. एकाने लिहिलं की ते सगळ्यांना पोचायचं. मस्कतहून कुणी माळेगावच्या कारखान्याच्या भोंग्याची आठवण काढी, टेक्सासमधला दुसरा त्यावर भांडे. अर्धी पृथ्वी गावगप्पा मारतेय आणि आपण खुर्चीत बसून ऐकतोय, हे तिला रोज नव्यानं खरं वाटत नसे.

मग जाहिराती घुसल्या. टकलावर केस उगवा, घरबसल्या लखपती व्हा, शिवाय पोरीनं मोठ्यानं वाचू नये असलं बरंच काही. लिस्टला कुंपणच नव्हतं. पत्ता सापडला की कुणीही काहीही टाकावं आणि ते सगळ्यांच्या घरात जावं. योगिनी एक पत्ता बंद करी, तोवर चार नवे उगवत. वैतागलेली माणसं आपली नावं काढून घेऊ लागली.

"बंद कर आता ती लिस्ट," दीपकसर म्हणाले. "फोनची लाइन अडकते माझी, अन् येतंय काय, तर ही घाण."

योगिनीला ते पटेना. ही माणसं एकदा पांगली की कुठली पुन्हा गोळा व्हायला?

आजोबांची, आप्पांची, एक सवय होती. वस्तीवर आलेल्या अनोळखी माणसापुढं पाण्याचा तांब्या ठेवतानाच ते विचारत, "कुणाचा रं तू?" माणूस आज्याचं, बापाचं नाव सांगे आणि मग गप्पांना बसे. योगिनीनं तेच केलं. सगळी नावं काढून टाकली आणि प्रत्येकाला एवढंच पाठवलं: तू कुणाचा ते सांग आणि आत ये.

"एक बी परत यायचा न्हाय," दीपकसर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मशीन लावलं, तर उत्तरं येतच राहिली. जर्मनीतला शास्त्रज्ञ लिहीत होता, मी रावजी मेंढक्याचा, ओढ्याकडच्या वस्तीवरचा. वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये वाढलेली डॉक्टरीण लिहीत होती, मी हिंदुराव फिटरांची. एकानं तर खापरपणज्यापासून सुरुवात केली होती. केवढाली मोठी झालेली माणसं, पण विचारल्याबरोबर लहान पोरासारखी बापाचं नाव सांगत होती. जाहिरातवाल्यांपैकी एकाचंही उत्तर आलं नाही.

मग स्वीडनहून इंग्रजी पत्र आलं. "माझं नाव लेना. तान्ही असताना मला इकडं दत्तक दिलं. कागदावर इंदापूर तालुका एवढंच आहे. मला तुमची भाषा येत नाही. तुमच्या पत्रांत गावांची नावं येतात, तेवढीच शोधून वाचते. तुमचा प्रश्न एकाकडून समजून घेतला, पण त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी जाऊ का?"

दीपकसरांनी मान हलवली. "असल्या कहाण्या ते जाहिरातवालेच रचत्यात. एकीला सोडलीस की कुंपण संपलं."

त्यांचंही चूक नव्हतं, हीच पंचाईत होती. योगिनीनं पत्र पुन्हा वाचलं.

"सर, एवढा कचरा उपसला मी. त्यातल्या एकानं तरी कधी विचारलं का, जाऊ का म्हणून? येऊ का, हे सुद्धा कुणी विचारलं न्हाय."

"घे मग तिला," सर म्हणाले. पण सगळ्यांच्या नावापुढं कुणाचा ते लिहिलेलं, आणि लेनाच्या नावापुढं कोरं ठेवणं योगिनीच्यानं होईना. संध्याकाळच्या एसटीनं ती शेळगावला गेली.

आप्पा शेळ्यांना पाला टाकत होते. तिनं पत्र मराठीत सांगितलं. स्वीडन कुठं आहे ते सांगायला लागली, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"कुणाची म्हणून लिहू, आप्पा?"

आप्पा म्हणाले, "एवढ्या लांबनं तालुक्याचं नाव धरून बसली व्हय ती?" पाला खाली ठेवून त्यांनी डोळे पुसले. "शेळगावच्या आप्पाची, असं लिव्ह. अन् कधी येतीस, तेवढं इचार."