वरची ओळ

व्हर्लीनने हेडफोन काढून स्टँडला अडकवला आणि दोन्ही तळहात गळ्यावर ठेवले. आत काही दुखते आहे की केवळ रिकामे आहे, हे हातांनाच ठरवू द्यावे तसे. काचेपलीकडे टेप थांबली. त्याच मायक्रोफोनच्या दुसऱ्या अंगाला उभी असलेली तिची धाकटी बहीण जोएटा जमिनीवरच्या वायरींकडे पाहत राहिली. कोरसमधल्या, म्हणजे ध्रुवपदातल्या, सर्वांत उंच शब्दावर व्हर्लीनचा आवाज पुन्हा फाटला होता. सकाळपासून तो तिथेच फाटत होता.

"कॉफी पाठवू?" स्पीकरमधून निर्मात्याचा, हॉइटचा आवाज आला.

"कॉफीनं काय होणार?" व्हर्लीन म्हणाली. "आतून रंधा मारून द्या."

"रंधा आहे माझ्याकडे. पण तो मी ड्रमवाल्यासाठी राखून ठेवलाय."

ड्रमवाल्याने काठीनेच हॉइटला सलाम ठोकला. एरवी यावर सगळे हसले असते. आज जो तो आपापल्या वाद्याकडे वळला.

टॅकेट भगिनींचा पहिला अल्बम हॉइट क्रँडलनेच केला होता, त्यांच्या केंटकीतल्या गावी, चर्चच्या तळघरात, एकाच मायक्रोफोनसमोर दोघींना उभे करून. तो इतका चालला की पुढे वर्षभर दोघींना बसमधून उतरायला सवड मिळाली नाही. मग व्हर्लीनच्या गळ्यात गाठ निघाली. गाठ काढली, आणि तिच्याबरोबर वरचे दोन-तीन सूरही गेले. आता हा दुसरा अल्बम, नॅशव्हिलमधला, उंची स्टुडिओतला. त्यातली बाकीची गाणी हॉइटने व्हर्लीनचा शब्दन् शब्द निवडून, जोडून, गोधडी शिवावी तशी पुरी केली होती. उरले होते ते एकच, खाणीच्या भोंग्याचे. ते दोघींनी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत एकत्र, एकाच मायक्रोफोनवर म्हणायचे होते. त्याला ठिगळ लावायला जागा नव्हती.

हॉइट आत आला आणि पियानोच्या स्टुलावर बसला. साठी उलटलेला माणूस. बसताना त्याने गुडघ्यांना शिवी घातली.

"सूर खाली घेऊ. चांगला खाली."

वादकांनी मान डोलावली. त्यांच्यापुढच्या कागदांवर सुरांची नावे नव्हती, नुसते आकडे होते: एक, चार, पाच. एक म्हणजे कोणता सूर, हे ऐन वेळी ठरवले तरी चाले. हॉइटच्या एका वाक्यासरशी गाणे खाली उतरे, कागदावरचे एक अक्षर खोडावे लागत नसे. अडचण फक्त गळ्यांची होती.

"आणि माझी ओळ?" जोएटाने विचारले.

जोएटा नेहमी व्हर्लीनच्या खाली गाई. चाल व्हर्लीनची; त्याच वेळी तेच शब्द खालच्या सुरांत म्हणत तिच्या तळाशी जोडून धरलेली दुसरी ओळ जोएटाची. गाणे खाली आले की ही ओळ तिच्या गळ्याच्याही खाली जाणार होती.

हॉइटने चष्मा पुसला. "गल्लीपलीकडे रँडल राहतो. विहिरीसारखा गळा आहे. तासाभरात येऊन म्हणून जाईल. कव्हरवर तुम्ही दोघीच."

"फोटोत मी, आणि गाण्यात रँडल."

"पोरी, मी काय हौसेनं सांगतोय का?"

हॉइटचे खोटे नव्हते. आणि जोएटाला वाईट वाटायला हवे होते तितके वाटत नव्हते, याचीच तिला भीती वाटली. लहानपणी चर्चमध्ये आईने ठरवून टाकले होते: थोरली वर गाईल, धाकटी खाली. त्यात आवाजाचा काही संबंध नव्हता. खिडकीशेजारचा पलंगही त्याच न्यायाने व्हर्लीनला मिळाला होता. तेव्हापासून जोएटा खाली होती. आता खालूनही उठायला सांगत होते, आणि आपण उठून बाहेर गेलो तर उन्हात गाडीच्या सीटवर शांत झोप लागेल, एवढेच तिच्या मनात येत होते.

"चालेल," ती म्हणाली. "बोलवा त्याला."

"कुणाला चालेल?" व्हर्लीनने विचारले.

"मला. दमलेय मी."

"दमलीयेस तर बस. पण माझ्या वतीनं चालवून घेऊ नकोस." व्हर्लीन हॉइटकडे वळली. "सूर खाली घ्या. रँडलचं राहू द्या. आधी आम्ही दोघी म्हणून बघतो."

"अगं, तिला खाली जागा कुठे आहे?"

"तुम्ही टेप लावा हो."

टेप फिरू लागली. स्टील गिटारने सुरुवातीचा लांबट उसासा टाकला. तो आता अधिक गडद झाला होता, उतरणीला लागलेल्या दिवसासारखा. दोघींनी एकदमच श्वास घेतला.

जोएटाचा गळा सवयीने खाली गेला, पायांना जिना माहीत असावा तसा. तिथे कोणीतरी आधीच होते. खरबरीत, ओलसर, रुंद असा एक आवाज तिच्याच ओळीवर, तिच्याच शब्दांतून चालला होता. तो व्हर्लीनचा आहे हे कळायला तिला अर्धी ओळ लागली. तिचा स्वतःचा आवाज तळाला खरवडत होता; व्हर्लीनचा तिथे सुखाने पसरला होता. वाद्ये चालीला आधार देत राहिली आणि चाल कोणीच म्हणत नव्हते. दोन्ही बहिणी एका ओळीत दाटीने उभ्या होत्या, वरचे घर मोकळे टाकून. तसाच संपूर्ण कोरस गेला.

संगीत थांबले. काचेपलीकडे परतलेल्या हॉइटने बटण दाबले.

"पोरींनो, एक विचारू? गाणं कोण म्हणतंय?"

"माझं चुकलं," जोएटा म्हणाली. मग व्हर्लीनकडे पाहून, हळू आवाजात: "हे कधीपासून?"

"ऑपरेशननंतर. न्हाणीघरात म्हणून बघायचे."

"मला बोलली नाहीस."

"काय बोलणार? तुझ्या जागेवर माझा डोळा आहे म्हणून?" व्हर्लीनने ओठ पुसले. "आणि वरचं सोडवत नव्हतं, हेही आहेच. आज सकाळपर्यंत नव्हतं सोडवत."

"मला वरचं येत नाही, व्हर्लीन."

"येतं. वरची ओळ आता तुझ्या गळ्याला पुरेल इतकी खाली आलीय, आणि तिच्यातला एकूण एक खड्डा तुला ठाऊक आहे. इतकी वर्षं त्यात माझा पाय गेला की तूच सावरलंस."

"आणि माझा आवाज फाटला तर?"

"मग फाटू दे. मी सकाळपासून काय करतेय?"

जोएटाला हसू आले, पण ते पूर्ण होण्याआधीच तिचे डोळे भरून आले आणि ती पुन्हा वायरींकडे पाहू लागली.

"टेप चालू आहे," हॉइट म्हणाला. "घाई नाही."

व्हर्लीन उंच होती. मायक्रोफोन नेहमी तिच्या ओठांच्या उंचीवर लावलेला असे आणि जोएटा टाचा उचलून गात असे. व्हर्लीनने स्टँडचा स्क्रू सैल केला. मायक्रोफोन उतरवत उतरवत तिने जोएटाच्या ओठांसमोर आणला, स्क्रू आवळला, हलवून पाहिला. मग गुडघे किंचित वाकवून ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिने हॉइटला मान डोलावली.