व्हॅल्प्रोएटचं कुळ

लान्येरोला तोंडी परीक्षेसाठी आत बोलावलं तेव्हा दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. खरं तर मी तिथे बसायचं काही कारण नव्हतं. मी डॉक्टर नाही, शिक्षक नाही. छत्तीस वर्षं कंपालाच्या ह्या मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं लावली, फाटलेली शिवली, आणि निवृत्त झाल्यावरही रोज येतो, कारण खिडकीजवळची माझी खुर्ची अजून कुणी हलवलेली नाही. मुलं मला जज्जा म्हणतात, म्हणजे आजोबा. त्यापलीकडे माझ्याशी कुणी फारसं बोलत नाही. मीही बोलत नाही. बोलायचं ठरवून वाक्य जुळवेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असतो.

लान्येरो तशी निघून गेली नाही, म्हणून हे सगळं झालं.

ती उत्तरेकडची, किटगुमची. सरकारी खर्चाच्या जागेवर आलेली. औषधशास्त्रात चार गुणांनी नापास झाली आणि आता ही एक तोंडी परीक्षा उरली होती. ह्यातही नापास झाली तर सरकारी जागा जाणार आणि ती बस पकडून घरी. हे तिने मला सांगितलं नव्हतं, पण ग्रंथालयात सगळं ऐकू येतं.

तीन महिन्यांपूर्वी ती माझ्या समोरच्या टेबलावर बसून पुस्तकाशी भांडत होती. म्हणजे खरोखरच त्याला बोलत होती.

"सकाळी तुला डोक्यात घातलं ना? मग गेलास कुठे?"

मी वर बघितलं. तिनेही बघितलं.

"जज्जा, ही औषधं डोक्यात टिकतात कशी हो? भाडेकरूसुद्धा एवढ्या लवकर खोली सोडत नाहीत."

"बाकीची मुलं कशी लक्षात ठेवतात?" मी विचारलं. एवढं वाक्य मला जमलं.

"पहिल्या अक्षरांची वाक्यं करतात. आमच्या वर्गातल्या मुलांनी एक इतकं घाणेरडं वाक्य केलंय की जन्मात विसरणार नाही. फक्त ते कुठल्या औषधांचं, ते सगळेच विसरलेत."

मला हसू आलं. तिचं अडत होतं ते यकृताशी. पोटात गेलेली बरीचशी औषधं यकृत मोडून टाकतं. पण काही औषधं अशी असतात की ती यकृताला जोरात कामाला लावतात, मग सोबतचं औषध गुण द्यायच्या आधीच संपून जातं. काही उलट, यकृताला झोपवतात, मग सोबतचं औषध अंगात साठून बाधतं. कोण कामाला लावतो, कोण झोपवतो, याची ही लांब यादी. त्यातूनच नेहमी प्रश्न येतो.

"आणि तुम्हा इकडच्या बागांडा लोकांचं मला कळत नाही," ती मध्येच म्हणाली. यादीला कंटाळली की ती कशावरही घसरायची. "भेटल्याबरोबर आधी कुळ काय विचारता? काल एका मुलाने माझं नावसुद्धा नंतर विचारलं."

"दोघांचं पुढे जमलं तर? एका कुळात लग्न होत नाही. आधी विचारलेलं बरं."

"म्हणजे एकत्र यायच्या आधी कुळ."

"हो. औषधांनाही विचारायला हवं खरं तर," मी म्हणालो आणि लगेच ओशाळलो. म्हाताऱ्या माणसाने अशा शहाण्या मुलीशी असलं काही बोलू नये.

पण ती हातातलं पेन ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "जज्जा, परत म्हणा."

तर आमची सुरुवात अशी झाली. आम्हा बागांडांत माणूस चारचौघांत उभा राहिला की आपलं नाव, बापाचं नाव, आजाचं नाव आणि कुळ असं एका दमात म्हणून दाखवतो. माझं स्वतःचं कुळ नाकतोड्याचं. ज्याचं जे कुळ तो तो प्राणी खात नाही. नोव्हेंबरात सगळं कंपाला शहर तळलेले नाकतोडे चघळत असतं आणि मी शेंगदाणे खातो. आम्ही ठरवलं, यकृताला कामाला लावणारी औषधं नाकतोड्याच्या कुळातली, कारण नाकतोड्यांची झुंड आली की समोरचं सगळं फस्त. आणि यकृताला झोपवणारी खवले मांजराच्या कुळातली, कारण ते जरा हात लावला की अंगाचं वेटोळं करून गप्प पडतं.

सराव फाटकाजवळच्या नालोंगोच्या चहाच्या टपरीवर व्हायचा. नालोंगो म्हणजे जुळ्यांची आई. तिचं खरं नाव मला तीस वर्षांत कळलेलं नाही आणि विचारायचा धीरही झालेला नाही. लान्येरो एकेक कप औषध म्हणून उचलून धरायची आणि नालोंगो मुलीकडच्या मावशीसारखी कंबरेवर हात ठेवून उलटतपासणी घ्यायची.

"हा कोण पाहुणा?"

"मी रिफाम्पिसिन. क्षयाच्या जंतूंचा मारेकरी. कुळ नाकतोड्याचं. जिथे जातो तिथलं सगळं खाऊन टाकतो."

"आणि ही बया?"

"ही मूल न होण्याची गोळी."

"दोघांना एका घरात ठेवलं तर?"

"तो तिला खाऊन टाकेल आणि नऊ महिन्यांनी बारसं."

"अगो बाई! माझ्या जुळ्यांचं कारण आत्ता कळलं," नालोंगो म्हणाली आणि टपरीवरचे सगळे हसले. मी चहात बघत बसलो.

हळूहळू दोन्ही कुळांची घरं भरत गेली. एरिथ्रोमायसिन, किटोकोनाझोल, सिमेटिडीन ही खवले मांजराची. फेफऱ्याची औषधं म्हणजे एका बापाचे भाऊ: फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटोन. तिघेही नाकतोडे. "आणि चौथा धाकटा, व्हॅल्प्रोएट," मी म्हणालो. "लिही, तोही नाकतोडा."

तिने लिहिलं. मग पेन हलवत म्हणाली, "जज्जा, सगळ्यांना कुळ बापाचंच?"

"बापाचंच."

"राजालासुद्धा?"

आता हा प्रश्न मला विचारायला नको होता. राजघराण्याची गोष्ट वेगळी असते. राजपुत्र आईचं कुळ घेतो, त्यामुळे प्रत्येक कुळाला कधी ना कधी राजा आपला म्हणता येतो. हे सांगताना मी तीन राजांच्या आयांपर्यंत गेलो. माझा चहा गार झाला. नालोंगो म्हणाली, "पुस्तकवाले, पोरीची परीक्षा औषधांची आहे का राण्यांची?" मी गप्प झालो आणि दोन दिवस त्या आठवणीने मनात शरमत राहिलो.

तर, त्या सकाळी मी बाकावर बसलो होतो. आत काय चाललंय ते ऐकू येत नव्हतं. हाताला काही काम हवं म्हणून मी पिशवीतलं ग्रंथालयाचं औषधशास्त्राचं पुस्तक काढलं. त्याचा कणा मी स्वतः दोनदा शिवलेला आहे. यादीचं पान उघडलं आणि आमच्या कुळांची हजेरी घेत बोट फिरवू लागलो. फेनिटॉइन, आहे. कार्बामाझेपिन, आहे. फिनोबार्बिटोन, आहे. व्हॅल्प्रोएट नाही.

पुन्हा वरून खाली बघितलं. नाही. मग शेजारची यादी बघितली. खवले मांजराच्या यादीत, खालून तिसरा, व्हॅल्प्रोएट.

छत्तीस वर्षं मी मुलांना सांगत आलो की बघितल्याशिवाय लिहू नका. आणि मी स्वतः? भावाचं कुळ भावाचं असतं, त्यात बघायचं काय, असं धरून चाललो. आमच्यात पाच वर्षांचं पोरही असंच धरून चालेल. आणि मला चांगलं ठाऊक होतं, कारण जुन्या प्रश्नपत्रिका मीच बांधून ठेवतो, की प्राध्यापक न्दुग्वांचा हा आवडता प्रश्न आहे. फेफऱ्याच्या रुग्णाला व्हॅल्प्रोएट चालू आहे, आता लॅमोट्रिजिन हे दुसरं औषध जोडायचं, तर त्याची मात्रा किती? निम्मी, कारण यकृत झोपलं की लॅमोट्रिजिन अंगात साठतं. व्हॅल्प्रोएटला नाकतोडा समजणारा मात्रा वाढवेल, आणि रुग्णाच्या अंगावरची कातडी सोलवटून निघेल. ह्या उत्तराला न्दुग्वा कधी माफ करत नाहीत.

मी उठलो आणि टपरीकडे गेलो. जवळजवळ धावत. नालोंगो कढईत नाकतोडे तळत होती.

"या पुस्तकवाले, तुमचे भाऊबंद तळतेय."

मी तिला कसंबसं सांगितलं.

"मग इथे काय करताय? आत जा आणि सांगा."

"आत जाऊन काय सांगू? चूक कोणती ते सांगितलं तर ते उत्तर सांगितल्यासारखं होईल. तिला कॉपी केली म्हणून काढतील."

"मग नका सांगू."

"मग ती नापास होईल."

नालोंगोने झारा कढईवर आपटला. "अहो, चूक तुमची आहे ना? मग तेवढंच सांगा की चूक तुमची आहे. बाकीचं त्यांचं ते बघतील. तुम्हाला पन्नास पानांचं पुस्तक लिहायला नाही सांगितलेलं."

दारापाशी मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. एकदा हात वर केला आणि खाली घेतला. मग आतून न्दुग्वांचा आवाज आला, "आता शेवटचा प्रश्न," आणि माझा हात आपोआप दारावर पडला. आवाज मला वाटलं त्यापेक्षा मोठा झाला.

"कोण आहे?"

मी दार ढकललं. न्दुग्वा, शेजारच्या देशातून, किगालीहून आलेल्या परीक्षक बाई, आणि त्यांच्यासमोर खुर्चीच्या टोकावर लान्येरो. तिघेही माझ्याकडे बघत होते.

"मुगालुला मास्तर, तुम्ही? इथे परीक्षा चालू आहे."

"हो साहेब. माहीत आहे साहेब." माझं वाक्य वाटेत जुळवलेलं होतं, ते सगळं विसरलो. "चूक माझी आहे. मुलीची नाही. तिला मीच चुकीचं सांगितलंय."

"काय चुकीचं सांगितलंय?"

"ते सांगता येणार नाही."

"का?"

"ते सांगितलं तर बरोबर काय ते कळेल, साहेब."

किगालीच्या बाईंनी चष्मा काढला. न्दुग्वा माझ्याकडे बघत राहिले. ते विद्यार्थी असताना मी त्यांना ग्रंथालयात मका खाल्ल्याबद्दल एकदा बाहेर काढलं होतं, तेही मला नेमकं तेव्हाच आठवलं.

लान्येरोच खुर्चीत वळली. "जज्जा, व्हॅल्प्रोएटबद्दल म्हणताय ना?"

हो म्हणालो असतो तर पुन्हा उत्तर सांगितल्यासारखंच झालं असतं.

"तो प्रश्न मघाशीच झाला," ती म्हणाली. "मात्रा निम्मी. तो राजपुत्र आहे ना. आईच्या कुळात गेला."

न्दुग्वांनी हातातला कागद खाली ठेवला. "कोण राजपुत्र आहे?"

"व्हॅल्प्रोएट, सर. भाऊ सगळे नाकतोडे, पण ह्याची आई खवले मांजराच्या कुळातली. राजपुत्र आईचं कुळ घेतो, म्हणून हा वेटोळं करून झोपतो आणि यकृतालाही झोपवतो."

"मात्रा निम्मी हे उत्तर बरोबर आहे, ते मी लिहिलंय," न्दुग्वा म्हणाले. "पण झोपवणारी औषधं खवले मांजराची हे कुणी ठरवलं?"

लान्येरोने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

"मी स्वतः त्या कुळाचा आहे," न्दुग्वा म्हणाले. "झोपाळू?"

"साहेब, मी... प्राण्याबद्दल म्हणालो होतो. माणसांबद्दल नाही."

किगालीच्या बाईंनी विचारलं, "हे तुमच्या अभ्यासक्रमात आहे का?" त्यावर न्दुग्वांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग टेबलावर हात मारून. हसता हसता त्यांनी एरिथ्रोमायसिनला उभं राहून कुळ सांगायला लावलं, आणि लान्येरोने उभं राहून, बापाच्या नावासकट, आमच्या पद्धतीने सांगितलं. एकदाही अडखळली नाही. उच्चार मात्र अजून किटगुमचेच.

"बस," न्दुग्वा म्हणाले. "परीक्षा संपली. जाताना पुढच्या वर्षाची पुस्तकं ह्या मास्तरांकडून घेऊन जा. आणि मास्तर, मका खायला ग्रंथालयात अजून बंदी आहे का?"

"हो साहेब," मी म्हणालो.

बाहेर आल्यावर आम्ही टपरीकडे चालू लागलो. पुढच्या वर्षाची पुस्तकं, हे मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघत होतो, नीट ऐकलं ना म्हणून.

"तुला कधी कळलं?" शेवटी मी विचारलं.

"तुम्ही सांगितलंत त्याच संध्याकाळी. तुमच्या कुळांचं मला काहीच ठाऊक नाही, जज्जा. त्यामुळे मला काही धरून चालता येत नाही. प्रत्येक नाव पुस्तकात बघते. व्हॅल्प्रोएट उलट्या यादीत दिसला. आधी घाबरले, मग तुमच्या राण्या आठवल्या."

"मग मला सांगितलं का नाहीस? सहा आठवडे मी तुझ्याकडून चुकीचंच म्हणवून घेत होतो."

"तुमच्यासमोर तुमचं म्हणायचे, खोलीवर जाऊन माझं." ती जरा थांबली. "तुम्ही त्या दिवशी राण्यांबद्दल एवढं बोललात. मी म्हटलं, चूक काढली तर हे पुन्हा गप्प बसतील."

नालोंगोने आम्हाला लांबूनच बघितलं आणि माझा चेहरा बघून काय समजायचं ते समजली. तिने वर्तमानपत्राचा पुडा करून त्यात गरम नाकतोडे भरले आणि लान्येरोच्या हातात दिले. मला शेंगदाणे.

"चालेल ना, जज्जा?" लान्येरोने विचारलं. "तुमचेच भाऊबंद आहेत."

"खा," मी म्हणालो. "फक्त त्यात व्हॅल्प्रोएट असला तर बाजूला काढ. तो आमचा नाही."

ती एवढ्या जोरात हसली की पुड्यातले दोन-तीन खाली सांडले. मी अजून ते पुस्तक काखेत धरून उभा होतो. मग त्यातलं यादीचं पान उघडलं आणि पेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने, व्हॅल्प्रोएटच्या नावावर एक छोटा मुकुट काढला. ग्रंथालयाच्या पुस्तकात मी आयुष्यात पहिल्यांदाच काही लिहिलं.