हिरवी खुर्ची

हे जुनं घर लोक तिकीट काढून बघायला येतात. भिंतीभर चित्रं, पुस्तकांचं दालन, मागे बाग. बागेत माझा नवरा माळी आहे. हिवाळ्यात घर बंद करण्याआधी प्रत्येक खुर्चीवर पांढरी चादर घालायची, हे माझं आणि सासूबाईंचं काम.

सासूबाई आधी खुर्चीसमोर उभ्या राहून म्हणायच्या, "उठा आता." जरा थांबायच्या, मग चादर. "कुणी बसलं असेल तर घर उघडेपर्यंत अडकून पडेल ना!" मी हसायचे. तेवढ्यात दोन खोल्या उरकल्या असत्या, असं तोंडावर सुनावायचे. आम्हा नोकरांना त्या खुर्च्यांवर बसायची बंदी. पुस्तकांच्या दालनातल्या हिरव्या खुर्चीत एकदा टेकावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती तशीच राहिली. गेल्या महिन्यात त्या गेल्या.

यंदा मी एकटीच. सगळं माझ्यावर टाकून गेल्या म्हणून डोक्यात राख घालूनच कामाला लागले. उठा-बिठा काही म्हटलं नाही, भराभर चादरी टाकत सुटले. पुस्तकांच्या दालनात आधी लाल खुर्ची झाकली, मग शेजारची हिरवी, आणि चादरींच्या नाड्या बांधल्या.

हिरवीवरची चादर काही सपाट बसेना. मी तळव्याने दाबली. हाताला गुडघा लागला. उजवा, सुजलेला. रोज तेल लावून मी चोळायचे, तोच.

खिडकीतून नवरा पानं गोळा करताना दिसत होता, पण हाक मारवेना. दोन शब्द म्हटले की त्या उठून जाणार, हे मला कळत होतं. जन्मभर भांडले त्यांच्याशी, पण आता त्यांच्यावाचून आमचं घर खायला उठतं. मी म्हटलं, "आई, बसा. घर उघडेल तेव्हा येते मी."

वळले, तर लाल खुर्ची उघडी. तिच्यावरची चादर चौपदरी घडी घालून बाजूला ठेवलेली, कडा आत, त्यांच्या पद्धतीने.

"तूही टेक जरा," चादरीखालून आवाज आला. "दमलीस."

खरंच दमले होते. माझे पाय लाल खुर्चीकडे निघालेसुद्धा. इतक्यात बागेतून नवऱ्याने मला हाक मारली, आणि बसले तर मीही अडकून पडेन हे ध्यानात येऊन मी मागे न बघता ओरडले, "उठा आता!"

हिरवीवरची चादर हळूहळू खाली बसली. मी वरून हात फिरवला. अजून ऊब होती. गेल्यावर का होईना, एकदाच टेकल्या होत्या बिचाऱ्या, आणि मीच त्यांना उठवलं.